कुणालाच नको होत्या त्या गाड्या

जुन्या गाडीचा विषय निघाला की आपल्याकडे पहिला प्रश्न असतो, "भंगारात काय भाव मिळेल?" त्यामुळे जून २०१४ मधल्या सिअ‍ॅटलच्या लिलावाबद्दल सांगितलं की ऐकणारा हमखास थबकतो. तिथे १९७१ सालची, प्लिमथ कंपनीची, टप मागे दुमडता येणारी 'हेमी कुडा' ३५ लाख डॉलरच्या बोलीवर गेली. तेव्हाच्या दरानं सुमारे २१ कोटी रुपये. गाडीत एअरबॅग नाही, संगणक नाही, तेल मात्र टँकरसारखं पिते. मग एवढे पैसे कशाचे?

या गाडीचा जन्म कसा झाला, तिच्यासारख्या इतक्या कमी का उरल्या, खरी कुठली आणि बनावट कुठली हे कसं ओळखतात, आणि मोडकळीला आलेली गाडी पुन्हा उभी कशी करतात, हे क्रमानं पाहिलं की उत्तर सापडतं.

१. मसल कार कशाला म्हणतात?

कृती साधी होती. मध्यम आकाराची, बेताच्या किमतीची, चारचौघांसारखी दिसणारी दोन दारांची गाडी घ्यायची आणि तिच्यात मोठ्या, वजनदार गाडीचं इंजिन बसवायचं. वजन कमी आणि ताकद जास्त, म्हणजे सिग्नल सुटला की गाडी पुढे झेपावणार. वळणांवर ती फारशी चांगली चालायची नाही, ब्रेकही बेताचेच. पण सरळ, रुंद अमेरिकन रस्त्यावर पाव मैल पळवायला तिच्याइतकी स्वस्त आणि वेगवान दुसरी गाडी नव्हती.

या प्रकाराची सुरुवात बहुतेक जण १९६४ च्या पॉन्टिअ‍ॅक जीटीओपासून धरतात. जनरल मोटर्सचा तेव्हा अंतर्गत नियम होता की मध्यम गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही. पॉन्टिअ‍ॅकचे मुख्य अभियंता जॉन डिलोरियन आणि त्यांचे सहकारी बिल कॉलिन्स व रसेल गी यांनी या नियमातली फट शोधली. नियम नव्या मॉडेलला लागू होता. आधीच विकल्या जाणाऱ्या मॉडेलवर जादा पैसे भरून घ्यायच्या सोयींना नव्हता. त्यांनी टेम्पेस्ट मालिकेतल्या गाडीवर सुमारे ३०० डॉलरचा एक 'पर्याय' ठेवला आणि त्यात ३८९ घनइंचांचं इंजिन देऊन टाकलं. वरिष्ठांनी पाच हजार गाड्यांपुरती परवानगी दिली होती. पहिल्याच वर्षी ३२,४५० खपल्या.

आता हे घनइंच म्हणजे काय ते पाहू. इंजिनातल्या नळकांड्यात दट्ट्या वरखाली होतो. तो जेवढी जागा व्यापतो ती त्या नळकांड्याची क्षमता; सगळ्या नळकांड्यांची बेरीज ती इंजिनाची. आपण ती सीसीमध्ये मोजतो. एक घनइंच म्हणजे साधारण १६.४ सीसी. सुरुवातीला सांगितलेल्या कुडाचं इंजिन ४२६ घनइंचांचं, म्हणजे जवळजवळ ७,००० सीसी. नळकांडी आठ. एकेका नळकांड्याच्या वाट्याला आले सुमारे ८७० सीसी. आपल्या मारुती ८०० चं अख्खं इंजिन ७९६ सीसीचं होतं.

'हेमी' हे नाव या इंजिनाला ज्वलनकक्षाच्या आकारावरून मिळालं. तो कक्ष अर्धगोलासारखा असतो. त्यामुळे दोन्ही झडपा समोरासमोर, तिरक्या आणि चांगल्या मोठ्या बसवता येतात. इंधन-हवेचं मिश्रण एका बाजूनं सरळ आत येतं, जळालेला वायू दुसऱ्या बाजूनं सरळ बाहेर जातो. प्लिमथची मूळ कंपनी क्रायस्लर. तिनं हे ४२६ हेमी १९६४ च्या डेटोना ५०० शर्यतीत उतरवलं आणि पहिले तिन्ही क्रमांक हेमीवाल्या प्लिमथ गाड्यांनी घेतले. पहिला होता रिचर्ड पेटी. मग शर्यतीच्या संयोजकांनी, म्हणजे नॅसकारनं, अट घातली की सामान्य गिऱ्हाइकाला विकत मिळत नाही असं इंजिन चालणार नाही. म्हणून १९६६ पासून हेमी रस्त्यावरच्या गाडीत आलं, दोन मोठ्या कार्बोरेटरांसह.

ही अट लक्षात ठेवा. पुढच्या दुर्मीळ गाड्यांमागेही अशीच शर्यतीची गणितं आहेत.

२. ताकदीचे आकडे

हेमीची जाहीर ताकद होती ४२५ अश्वशक्ती. पण १९७१ पर्यंतचे अमेरिकन आकडे नुसतं इंजिन टेबलावर ठेवून, हवेची गाळणी, सायलेन्सर, जनित्र असलं काही न जोडता मोजलेले असत. १९७१ साली क्रायस्लरनं दोन्ही आकडे दिले: त्याच इंजिनाचे टेबलावर ४२५, सगळा सरंजाम जोडल्यावर ३५०. १९७२ पासून सगळेच दुसऱ्या पद्धतीनं मोजू लागले. म्हणून १९७० आणि १९७२ च्या गाड्यांच्या ताकदीची नुसत्या आकड्यांवरून तुलना करू नये. उलटही घडायचं. विम्याचा हप्ता वाढू नये किंवा शर्यतीत सोयीच्या गटात बसावं म्हणून काही इंजिनांची ताकद मुद्दाम कमी सांगितली जाई.

३. खेळ संपला

ही हौस जेमतेम दहा वर्षं टिकली. आधी विमा कंपन्या जाग्या झाल्या. विशीतला मुलगा आणि मोठं इंजिन असं समीकरण दिसलं की हप्ता इतका चढायचा की गाडीच्या कर्जाएवढा बोजा व्हायचा. १९७० मध्ये हवा शुद्ध राखण्याचा कडक कायदा आला. शिसं घातलेलं पेट्रोल जाणार हे दिसू लागलं आणि १९७१ पासून जनरल मोटर्सनं आपल्या सगळ्या इंजिनांचा दाब कमी केला, म्हणजे ताकदही उतरली. हेमी १९७१ नंतर बंद झालं. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं, पंपांवर रांगा लागल्या आणि उरलेल्यांचाही निकाल लागला.

त्यानंतर या गाड्या म्हणजे निव्वळ खर्चिक जुनाट वाहनं. कॉलेजची पोरं त्या मातीमोल भावात घेत, पळवत, ठोकत, इंजिन उडालं की दुसऱ्याच गाडीचं टाकत. आज जे मूळ इंजिन सापडत नाही ते त्याच काळात भंगारात गेलेलं असतं.

४. दुर्मीळ झाल्या त्या कशामुळे?

सर्वसाधारण समज असा की कंपनीनं मुद्दाम थोड्या गाड्या काढल्या, श्रीमंतांसाठी. घडलं ते अगदी उलट. बहुतेक दुर्मीळ मसल कार दुर्मीळ आहेत, कारण त्या काळी त्यांना गिऱ्हाईकच मिळालं नाही.

१९६९ ची शेव्हरोले कमॅरो झेडएल-१ घ्या. इलिनॉय राज्यातल्या ला हार्प या लहानशा गावात फ्रेड गिब नावाचा डीलर होता. ड्रॅग रेसिंगचा, म्हणजे पाव मैलाच्या सरळ शर्यतीचा शौकीन. कार्यालयीन खास मागणीच्या वाटेनं, जी खरं तर टॅक्सी आणि पोलिसांच्या गाड्यांसाठी होती, त्यानं ५० कमॅरो मागवल्या. इंजिन होतं ४२७ घनइंचांचं, पूर्ण अ‍ॅल्युमिनियमचं, मुळात कॅन-अ‍ॅम शर्यतींसाठी घडवलेलं. गाड्या आल्या आणि बिल पाहून डीलर हादरला. एकट्या इंजिनाचे ४,१६० डॉलर. संपूर्ण गाडी ७,२०० च्या वर. साधी व्ही-८ कमॅरो तेव्हा पावणेतीन हजारांपासून मिळायची. म्हणजे गाडीपेक्षा इंजिन महाग! ला हार्पमध्ये एवढे पैसे मोजणारं कोण असणार? बऱ्याचशा गाड्या त्याला कंपनीला परत कराव्या लागल्या आणि त्या देशभरातल्या इतर डीलरांकडे फिरल्या. काहींचं महागडं इंजिन काढून साधं बसवलं, तेव्हा कुठे त्या खपल्या. एकूण बनल्या फक्त ६९.

दुसरं उदाहरण १९७० च्या प्लिमथ सुपरबर्डचं, आणि ही गाडी मला या साऱ्या गोतावळ्यात सर्वांत लोभस वाटते. नॅसकारच्या लंबवर्तुळाकार धावपट्ट्यांवर ताशी २०० मैलांचा टप्पा जवळ आला होता. त्या वेगाला हवाच भिंत होते. क्रायस्लरच्या अभियंत्यांनी आधी १९६९ मध्ये डॉज चार्जर डेटोना काढली, पुढे चोचीसारखं लांब निमुळतं नाक आणि मागे डिकीच्या दोन्ही बाजूंच्या खांबांवर पेललेला उंच पंख. २४ मार्च १९७० रोजी टॅलाडेगाच्या धावपट्टीवर बडी बेकरनं अशा डेटोनातून २०० मैलांची, म्हणजे ताशी ३२२ किलोमीटरची रेघ ओलांडली. सुपरबर्ड ही तिची प्लिमथ बहीण. फोर्डकडे गेलेल्या रिचर्ड पेटीला परत आणण्यासाठी ती हवी होती.

शर्यतीत उतरायचं तर ठरावीक संख्येनं गाड्या जनतेला विकायला ठेवाव्या लागत. १९६९ मध्ये ५०० पुरत होत्या, डेटोना ५०३ बनल्या. १९७० मध्ये नियम बदलला: दर दोन डीलरमागे एक गाडी. म्हणून सुपरबर्ड सुमारे १,९०० काढाव्या लागल्या. डीलरच्या अंगणात त्या तशाच उभ्या राहिल्या. बाजारहाटाला जाताना एवढं नाक पार्किंगमध्ये कुठे बसवायचं? कित्येक डीलरांनी नाक आणि पंख उतरवून, नेहमीचा पत्रा लावून त्या प्लिमथच्याच साध्या रोड रनर म्हणून खपवल्या. पुढच्या वर्षी नॅसकारनं पंखवाल्या गाड्यांना ३०५ घनइंचांचीच मुभा दिली आणि हा प्रयोग संपला.

आणि आपली हेमी कुडा? हेमीचे जादा जवळजवळ ९०० डॉलर, वर विम्याचा हप्ता, आणि १९७१ मध्ये उघड्या टपाची हौस ओसरलेली. तीन कारणं एकत्र आली. त्या वर्षी उघड्या टपाच्या हेमी कुडा निघाल्या त्या जेमतेम डझनभर.

५. गाडीचा सातबारा

संख्या इतकी कमी आणि किंमत इतकी मोठी म्हटल्यावर बनवाबनवी आलीच. साधी बाराकुडा घ्या, हेमी इंजिन कुठून तरी मिळवा, बिल्ले चिकटवा, झाली हेमी कुडा. मग खरी कशी ओळखायची?

जमीन घेताना आपण शेतात उगवलेलं पीक पाहून पैसे देत नाही. सातबारा पाहतो, गट नंबर जुळवतो, फेरफार वाचतो. इथेही तसंच आहे. गाडी कितीही देखणी असो, कागद आणि पत्र्यावर ठोकलेले नंबर एकमेकांशी बोलले पाहिजेत.

पहिला पुरावा गाडीचा क्रमांक. १९६८ पासून तो चालकाच्या बाजूला डॅशबोर्डवर, समोरच्या काचेतून दिसेल असा असतो. समजा सुरुवात आहे 'बीएस२७आर१बी'. पहिलं बी म्हणजे बाराकुडा. एस म्हणजे तिची वरची, खास श्रेणी, अर्थात कुडा. २७ म्हणजे उघडा टप. आर म्हणजे ४२६ हेमी. १ म्हणजे १९७१. शेवटचं बी म्हणजे मिशिगनमधला हॅमट्रॅम्क कारखाना. सात खुणांत गाडीची कुळकथा आली. 'आर'च्या जागी दुसरं अक्षर असेल तर बॉनेटखाली काहीही असो, ती जन्मानं हेमी नाही.

पण सगळ्या कंपन्या इतक्या सरळ नव्हत्या. १९७० च्या शेव्हरोले शेव्हल एसएस ४५४ चा क्रमांक नेहमीच्या व्ही-८ शेव्हलसारखाच असतो, कारण एसएस हाही एक 'पर्याय'च होता. तिथे इंजिनावर ठोकलेली खूण पाहावी लागते. उदाहरणार्थ 'टी०११५सीआरव्ही': न्यूयॉर्क राज्यातल्या टोनावांडा कारखान्यात १५ जानेवारीला जुळवलेलं, ४५० अश्वशक्तीचं एलएस-६ इंजिन, हातानं बदलायच्या गिअरसाठी. शेजारी गाडीच्या क्रमांकाचा तुकडाही ठोकलेला असतो. तो जुळला की हे इंजिन याच गाडीत जन्मलं असं म्हणायचं. यालाच या जगात 'मॅचिंग नंबर्स' म्हणतात आणि किमतीचा मोठा वाटा इथेच ठरतो.

लबाड माणूस इथेही पोचतो. जुने नंबर घासून नवे ठोकतो. त्याला पकडून देते ती यंत्राची रेघ. कारखान्यात इंजिनाचा तो पृष्ठभाग तासताना बारीक, समांतर ओरखडे उठत. ग्राइंडर फिरला की ते जातात. जाणकार म्हणून भिंग आणि विजेरी घेऊन आधी ओरखडे पाहतो, नंबर मागाहून.

तारखाही बोलतात. समजा गाडी १२ मार्च १९७० ला तयार झाली आणि कार्बोरेटरवर एप्रिल १९७० चा छाप आहे. तो भाग त्या गाडीचा असूच शकत नाही, कारण सुटा भाग गाडीच्या आधीच बनलेला हवा. जनित्र, काचा, इंजिनाचं ओतकाम, सगळ्यांवर अशा तारखा असतात आणि अभ्यासू मालक त्या वहीत उतरवून ठेवतो.

सगळ्यात गोड पुरावा मात्र कागदाचा. जुळणीच्या वेळी कामगारांना कुठला भाग लावायचा हे सांगणारा छापील तक्ता असे. काम झालं की तो बहुधा तसाच राहून जाई: मागच्या आसनाच्या स्प्रिंगांमध्ये, गालिच्याखाली, नाहीतर पेट्रोलच्या टाकीवर. पन्नास वर्षांनी कुणी आसन उचलतं आणि उंदरांनी कुरतडलेला, पिवळा पडलेला तो कागद हाती लागतो. त्या एका कागदानं गाडीच्या किमतीत फार मोठी भर पडू शकते.

६. पुन्हा उभी करताना

नीट जीर्णोद्धार करणारा माणूस आधी काहीच दुरुस्त करत नाही. तो पाहतो आणि नोंदवतो. प्रत्येक बोल्ट काढण्यापूर्वी फोटो, काढल्यावर पिशवीत, पिशवीवर चिठ्ठी. बोल्टच्या डोक्यावर बनवणाऱ्याची खूण असते. ती चुकीची असेल तर जुन्या गाड्यांच्या स्पर्धेत गुण जातात.

मग गंज. मिशिगन, ओहायोसारख्या राज्यांत हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात आणि पत्रा खालून सडतो. डिकीची जमीन, मागच्या चाकांवरचे पत्रे, समोरच्या काचेखालची खोबण या ठरलेल्या जागा. छतावर व्हिनाइल असेल तर त्याखाली पाणी मुरतं. अ‍ॅरिझोनाच्या कोरड्या हवेतली गाडी म्हणूनच जास्त भाव खाते. उघडं शरीर दोन्ही टोकांना पकडून गोल फिरवता येईल अशा सांगाड्यावर चढवतात, म्हणजे तळाचं कामही उभ्यानं करता येतं. सडलेला भाग कापून नवा पत्रा जोडायचा. घाई असलेला कारागीर लांबी भरून वर रंग मारतो; दोन पावसाळे गेले की फुगवटे वर येतात. म्हणून पारखी गिऱ्हाईक लोहचुंबक फिरवून पाहतो. जिथे तो धरत नाही तिथे पत्र्यावर काहीतरी लेपलेलं आहे.

यानंतरची पायरी बाहेरच्याला चक्रावून टाकते. कारखान्यात काम भराभर चाले. तळाला रंगाचे अर्धवट फवारे, सांध्यांवर बोटांनी फासलेलं सील, तपासनिसानं रंगीत खडूनं केलेल्या खुणा. कारागीर जुना थर हळूहळू खरवडत या खुणा शोधतो, त्यांचे फोटो काढतो आणि गाडी नवी झाल्यावर त्याच जागी, त्याच रंगात पुन्हा काढतो. सुपरबर्डच्या छतावर व्हिनाइल का असे? मागची काच बसवताना केलेलं वेल्डिंग ओबडधोबड होतं आणि ते घासत बसायला वेळ नव्हता, म्हणून. आज ते गुळगुळीत करून त्यावर झकास रंग चढवता येईल, पण मग ती सुपरबर्ड राहत नाही. गाडी कारखान्यातून निघाली होती त्याहून अधिक चकचकीत केली तर परीक्षक ते दोष म्हणून धरतात. मला ही शिस्त मनापासून पटते. शिफ्ट संपायच्या घाईत असलेल्या, नाव कुठेही न नोंदलेल्या कामगाराच्या हाताचा त्यात मान राखला जातो.

७. हात न लावलेली

कधीकधी जीर्णोद्धार न करणं हेच शहाणपण असतं. १९६८ च्या 'बुलिट' चित्रपटात स्टीव्ह मॅक्वीननं सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवर पळवलेली हिरवी फोर्ड मस्टँग १९७४ मध्ये न्यू जर्सीच्या एका नोकरदार कुटुंबानं सुमारे सहा हजार डॉलरना घेतली. घरातली बाई तीच गाडी घेऊन शाळेत शिकवायला जायची. १९७७ मध्ये खुद्द मॅक्वीननं पत्र लिहून ती परत मागितली. कुटुंबानं दिली नाही. पुढे क्लच गेला आणि गाडी वर्षानुवर्षं घरातच उभी राहिली. २०१८ मध्ये ती जगासमोर आली ती पोचे, गंज आणि चित्रीकरणासाठी केलेल्या खटपटींच्या खुणांसकट. त्या खुणा बुजवल्या असत्या तर दुसऱ्या कुठल्याही हिरव्या मस्टँगपासून ती वेगळी काढणं अवघड गेलं असतं. जानेवारी २०२० मध्ये फ्लोरिडातल्या किसिमीच्या लिलावात कमिशन धरून तिला ३७ लाख डॉलरच्या वर मिळाले.

८. ठेवायची की चालवायची?

मालकांमध्ये यावरून कायमचे तट आहेत. एक गट गाडी वातानुकूलित खोलीत ठेवतो आणि बंद ट्रेलरमधून प्रदर्शनाला नेतो. दुसऱ्या गटाला मूळपणाची फिकीर नाही. जुन्या अंगावर नवं इंजिन, नवे ब्रेक, वातानुकूलन घालून ते रोज फिरतात. ज्या गाडीचं मूळ इंजिन आधीच हरवलं आहे तिच्या बाबतीत मला यात काही गैर वाटत नाही. ६९ पैकी एक असलेल्या गाडीवर करवत चालवणं मात्र अक्षम्य. आणि साध्या गाडीला नामांकित गाडीचं रूप दिलं असेल तर विकताना तसं स्पष्ट सांगावं. तेवढं सांगितलं की तो छंद, लपवलं की फसवणूक.

१९९५ पासून दर ऑगस्टमध्ये डेट्रॉइटच्या वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर हजारो जुन्या गाड्या उतरतात. साठच्या दशकात पोरं रात्री जिथे सिग्नलला शर्यती लावायची तोच हा रस्ता. त्या पोरांतले अनेक जण आज ऐंशीकडे झुकलेत. तेव्हा परवडली नाही, किंवा संसारासाठी विकावी लागली, ती गाडी त्यांनी पन्नाशीत शोधून काढली.

गाडी नुसती उभी ठेवणं तिला मानवत नाही. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल सुकून डिंक होतो. हल्लीच्या पेट्रोलमधलं इथेनॉल जुने रबरी पाइप खातं आणि हवेतली ओल ओढून घेतं. ब्रेकच्या नळकांड्या आतून गंजतात, टायर एकाच जागी दबून चपटे होतात. म्हणून जाणता मालक जुने पाइप बदलून इथेनॉल सोसणारे लावतो आणि दोन-तीन आठवड्यांतून एकदा गाडी बाहेर काढतो. जागेवर पाच मिनिटं सुरू करून बंद करणं त्याहून वाईट, कारण धुरातली वाफ सायलेन्सरमध्येच साचते आणि तो आतून सडतो. इंजिन पुरतं तापून तेलातली ओल उडून जाईपर्यंत, निदान तीसेक किलोमीटर, तिला मोकळ्या रस्त्यावर चालवावंच लागतं.